घराण्यात आहे, म्हणून मलाही होणार का? मनोविकार, मेंदूविकार आणि जनुके : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुंबईत मनोविकार आणि मेंदूविकार यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करते. परळ आणि शीव भागातल्या रुग्णालयांत उपचारांसाठी येणारी कुटुंबे, कोणी नालासोपाऱ्याहून पहाटेच्या गाडीने आलेले, कोणी सिंधुदुर्गातून येऊन डोंबिवलीला भाच्याकडे उतरलेले, डॉक्टरांना औषधांविषयी विचारतात आणि केसपेपर घेऊन बाहेर पडताना आम्हाला वेगळेच काही विचारतात. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. निदान आणि औषध हे रुग्णाला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते. महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुग्णासाठी ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्यासाठी ‘शुभंकर’ हे शब्द वापरले जातात. मला ते फार आवडतात आणि मीही ते येथे वापरले आहेत.

तुमच्या संशोधनात नेमके काय केले जाते?

ज्या घरात एकाहून अधिक व्यक्तींना स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा मनोविकार), द्विध्रुवीय विकार (बायपोलर), अपस्मार (फिट येणे) किंवा कंपवातासारखा (पार्किन्सन) आजार आहे, अशा घराची आम्ही तीन पिढ्यांची वंशावळ काढतो आणि आजार असलेल्या व नसलेल्या अशा दोन्ही नातेवाइकांचे थोडेसे रक्त घेतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींमधून डीएनए वेगळा करून तो यंत्रावर वाचला जातो. माणसाच्या डीएनएमध्ये सुमारे ३ अब्ज अक्षरे आणि सुमारे २० हजार जनुके असतात, आणि कोणत्याही दोन माणसांत लक्षावधी ठिकाणी फरक आढळतात. यांतले बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. आजारी व्यक्तींमध्ये वारंवार दिसणारे आणि निरोगी नातेवाइकांत क्वचित दिसणारे फरक कोणते, हे शोधणे आमचे काम आहे, आणि म्हणूनच घरातल्या निरोगी माणसाचा नमुना आम्हाला आजारी माणसाच्या नमुन्याइतकाच मोलाचा असतो.

लोकांना यंत्राचे कुतूहल असते, पण या कामाचा सर्वांत अवघड भाग वंशावळ काढणे हा आहे. पहिल्या भेटीत बहुतेक घरे ‘आमच्यात कोणालाच नाही’ असे सांगतात. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, निघायची वेळ झाल्यावर, एखाद्या मावशी दारातून परत वळतात आणि म्हणतात की त्यांचे एक दीर होते, ते लालबागच्या खोलीत स्वतःशीच बोलत बसायचे, १९८२ च्या संपात गिरणी गेली आणि त्याचा त्यांनी धसका घेतला, असे घरातले सगळे सांगत आले. या प्रकारची हकिगत मी गिरणगावातल्या एकाहून अधिक घरांत ऐकली आहे. नोकरी जाण्याचा ताण खराच होता, त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्याच चाळीतल्या शेकडो कामगारांनी तोच संप सोसला आणि त्यांतला एखादाच तसा आजारी पडला. तोच का, या प्रश्नाच्या उत्तराचा काही भाग त्याच्या जनुकांत असू शकतो. वंशावळीत त्या दिरांचे नाव आले नसते, तर आज ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्या पुतण्याच्या आजाराकडे पाहण्याची एक महत्त्वाची खूण आमच्या हातून निसटली असती.

माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. मलाही होणार का?

हा प्रश्न विचारणारे बहुधा विशीतले मुलगे आणि मुली असतात, आणि अनेकदा ते आईला बाकावर बसवून एकटेच आत येतात. त्यामुळे आकडे आधी सांगते. सर्वसाधारण लोकांत आयुष्यभरात शंभरातल्या सुमारे एका व्यक्तीला स्किझोफ्रेनिया होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असेल, तर हे प्रमाण शंभरात सुमारे दहा होते. म्हणजे धोका खरोखर वाढतो, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु अशा शंभर मुलांपैकी सुमारे नव्वद जणांना हा आजार होत नाही, हेही तितकेच खरे आहे. सख्ख्या भावाला किंवा बहिणीला आजार असेल तरी धोका साधारण एवढाच असतो. दुसरीकडे, बहुसंख्य शुभार्थींच्या आई-वडिलांपैकी कोणालाही हा आजार नसतो.

वयाचाही विचार करावा लागतो. हा आजार बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून तिशीपर्यंत सुरू होतो, स्त्रियांमध्ये काहीसा उशिराही होतो. त्यामुळे चाळिशी निर्विघ्न ओलांडलेल्या माणसाच्या वाट्याचा बराचसा धोका मागे पडलेला असतो. विशीतल्या मुलांना मी दोन गोष्टी आवर्जून सांगते. गांजापासून पूर्णपणे दूर राहा, कारण नियमित आणि तीव्र गांजाच्या सेवनाने सायकोसिसचा, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाशी नाते तुटण्याचा, धोका वाढतो आणि घरात आजार असलेल्यांनी तर हा धोका मुळीच पत्करू नये. आणि झोप उडणे, माणसांपासून तुटत जाणे, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असे सारखे वाटणे, अशी लक्षणे काही आठवडे टिकली तर ‘अभ्यासाचा ताण असेल’ असे म्हणून थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. टेली-मानस ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

स्किझोफ्रेनिया ८० टक्के आनुवंशिक आहे असे वाचले. मग धोका शंभरात दहाच कसा?

या ८० च्या आकड्याने जितका गोंधळ घातला आहे तितका दुसऱ्या कोणत्याही आकड्याने घातला नसेल, म्हणून याचे उत्तर सविस्तर देते.

आंब्याचे उदाहरण घेऊ. एकाच जमिनीच्या तुकड्यावर, एकाच पाण्यावर बाठ्यांपासून वाढलेली शंभर रायवळ झाडे आहेत. प्रत्येक झाडाचा आंबा वेगळा असतो, आणि माती-पाणी सारखेच असल्यामुळे हा फरक जवळजवळ सगळा बीजातला असतो. आता एकाच हापूसच्या झाडाची पन्नास कलमे देवगडच्या कातळावर लावली आणि पन्नास घाटावरच्या काळ्या मातीत लावली. ही सगळी कलमे जनुकांनी एकसारखी आहेत. त्यांच्या फळांत पडलेला फरक संपूर्णपणे माती, पाणी आणि हवा यांचा आहे. पहिल्या बागेत फळांतल्या फरकाची आनुवंशिकता शंभराच्या जवळ आहे आणि दुसऱ्या बागेत ती शून्य आहे, पण आंब्याची गोडी दोन्ही बागांत जनुकांवाचून तयार झालेली नाही आणि मातीवाचूनही तयार झालेली नाही.

आनुवंशिकतेची टक्केवारी अशी असते. विशिष्ट लोकसमूहात, विशिष्ट परिस्थितीत, माणसामाणसांतल्या फरकाचा किती भाग जनुकीय फरकांमुळे आहे, एवढेच ती सांगते. एका व्यक्तीला आजार होण्याची शक्यता ८० टक्के आहे, किंवा तिच्या आजाराचा ८० टक्के भाग जनुकांतून आला आहे, असा तिचा अर्थ होत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून स्किझोफ्रेनियासाठी ही टक्केवारी सुमारे ८० आणि नैराश्यासाठी सुमारे ३७ मिळते.

जुळ्यांचेच दुसरे निरीक्षण शुभंकरांना मी नेहमी सांगते. एकसारख्या जुळ्यांचा डीएनए जवळजवळ तंतोतंत सारखा असतो, तरीही एकाला स्किझोफ्रेनिया झाला असता दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण साधारण ४० ते ५० टक्के आढळते. उरलेल्यांना तीच जनुके घेऊनही हा आजार होत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांमध्ये पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. आईच्या पोटातले पोषण, लहानपणीचे आघात, व्यसने, मेंदूच्या वाढीत निव्वळ योगायोगाने होणारे बदल हे सगळे जनुकांच्या जोडीने काम करतात. लहानपणीचा ताण मेंदूत पुढे कसा उतरतो, यावर आपल्या मुंबईतच, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डॉ. विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांवर मोलाचे काम झाले आहे.

स्किझोफ्रेनियाचे जनुक सापडले आहे का?

एक जनुक सापडलेले नाही आणि तसे एकच जनुक नाहीही. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय गटाने सुमारे ३७ हजार शुभार्थी आणि १ लाख १३ हजार इतर व्यक्तींच्या डीएनएची तुलना करून आजाराशी संबंधित १०८ ठिकाणे दाखवली. २०२२ मध्ये, जवळपास दुप्पट शुभार्थींच्या अभ्यासात ही संख्या २८७ झाली. यांतला प्रत्येक फरक धोका अगदी किंचित वाढवतो आणि तो निरोगी माणसांतही सर्रास आढळतो. तुमच्या आणि माझ्या डीएनएमध्येही यांतले अनेक असणार. याखेरीज काही दुर्मीळ फरक मात्र धोका बराच वाढवतात. २२ व्या गुणसूत्राचा, म्हणजे डीएनएच्या एका गुंडाळीचा, एक छोटा तुकडा जन्मतःच गळालेला असेल, तर अशा व्यक्तींपैकी सुमारे चतुर्थांश व्यक्तींना पुढे सायकोसिस होतो.

या यादीतून उपचारांकडे जाणारा रस्ता लांबचा आहे, पण तो दिसू लागला आहे. २०१६ मध्ये सी४ नावाच्या जनुकाविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. हे जनुक शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेतले आहे, आणि किशोरवयात मेंदूतल्या चेतापेशींमधले जादा जोड छाटले जातात त्या प्रक्रियेत त्याचा हात असतो. ही छाटणी गरजेपेक्षा अधिक झाली तर काय होईल, ही कल्पना आजार नेमका त्याच वयात का उद्भवतो या जुन्या कोड्याला प्रथमच हात घालते. मी हा शोधनिबंध प्रथम वाचला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती.

आमच्या घरात एकाला नैराश्य, एकाला स्किझोफ्रेनिया आणि आजोबांना कंपवात. हे सगळे एकच आहे का?

पहिल्या दोन आजारांच्या मुळाशी काही जनुके समान असण्याची शक्यता बरीच आहे. कंपवाताचे नाते मात्र वेगळे धरावे लागेल. २०१८ मध्ये मेंदूच्या २५ आजारांचा एकत्रित जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार, नैराश्य आणि लक्ष एकाग्र न होण्याचा विकार हे मनोविकार एकमेकांशी जनुकांच्या पातळीवर बरेच गुंतलेले आहेत, तर कंपवात, अल्झायमर, अपस्मार असे मेंदूविकार एकमेकांपासून आणि मनोविकारांपासूनही बरेच वेगळे आहेत. अर्धशिशी हा मेंदूविकार असूनही त्याचे काही धागे मनोविकारांशी जुळलेले आढळले. म्हणून वंशावळ सांगताना ‘हा आजार वेगळा होता’ असे ठरवून कोणाला वगळू नका.

मग एकाच जनुकामुळे होणारे आजार कोणते?

असे आजार बहुतांशी मेंदूविकारांत आहेत. हंटिंग्टन आजारात चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात तीन अक्षरांचा एक तुकडा गरजेपेक्षा जास्त वेळा आलेला असतो. ४० किंवा त्याहून अधिक वेळा आला तर पुरेसे आयुष्य लाभल्यास आजार होतोच, आणि प्रत्येक मुलाकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराच्या काठच्या मोठ्या कुटुंबांच्या अभ्यासाची मदत घेत १९८३ मध्ये त्याची जागा आणि १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडले. या शोधात पुढाकार घेणाऱ्या नॅन्सी वेक्सलर यांच्या आईला हाच आजार होता, आणि पुढे २०२० मध्ये आपल्यालाही तो असल्याचे त्यांनी जाहीर केले. अशा आजारासाठी लक्षणे नसताना चाचणी करायची की नाही, हा निर्णय सज्ञान व्यक्तीने समुपदेशनानंतर स्वतः घ्यायचा असतो. मुलीच्या सासरच्यांनी किंवा भावांनी तो तिच्यासाठी घ्यायचा नसतो.

विल्सन आजाराविषयी मात्र मी अधिक बोलणार आहे, कारण तो वेळेवर ओळखला तर त्यावर औषध आहे आणि ओळखण्यात होणारा उशीर मी पाहिला आहे. या आजारात १३ व्या गुणसूत्रावरच्या एटीपी७बी या जनुकातील बिघाडामुळे शरीराला तांबे बाहेर टाकता येत नाही आणि ते यकृतात व मेंदूत साठत जाते. दहावी-बारावीतला मुलगा अचानक चिडखोर होतो, अक्षर बिघडते, जीभ जड होते, लाळ गळते, हात थरथरतात. घरचे म्हणतात अभ्यासाची टाळाटाळ करतो, आणि काही वेळा केवळ मनोविकार समजून वर्षे जातात. रक्तातील सेरुलोप्लाझमिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन), चोवीस तासांच्या लघवीतील तांबे आणि डोळ्याच्या बुबुळाभोवतीचे तपकिरी कडे यांवरून निदानाची दिशा मिळते. पेनिसिलामाइन किंवा जस्ताची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात, पण लवकर सुरू केल्यास बहुतेक जण चांगले आयुष्य जगतात. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो, त्यामुळे रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक असते. म्हणून एका मुलाला विल्सन आजाराचे निदान झाले की त्याच्या ठणठणीत दिसणाऱ्या भावंडांचीही तपासणी त्याच महिन्यात करून घ्या.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आमच्यात रीत आहे. त्यामुळे असे आजार होतात का?

आपल्याकडे अनेक समाजांत ही रीत जुनी आहे आणि तिच्यामागे जमीन, माया आणि ओळखीचे घर अशी कारणे आहेत, म्हणून मी तिला नावे ठेवणार नाही. जनुकांचा हिशेब मात्र स्पष्ट आहे. मामे-आते भावंडांत सरासरी एक अष्टमांश जनुके एकाच पूर्वजाकडून आलेली असतात, त्यामुळे विल्सन आजारासारखा, दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत लागणारा आजार मुलांत उतरण्याची शक्यता वाढते. जन्मजात दोषांचे प्रमाण अशा जोडप्यांच्या मुलांत इतरांच्या साधारण दुप्पट आढळते. मूळ प्रमाण शंभरात दोन-तीन असल्यामुळे दुप्पट होऊनही बहुतेक मुले निरोगीच जन्मतात. घराण्यात आधीच असा आजार असेल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्ने होत आली असतील, तर लग्नाआधी जनुकीय समुपदेशन अवश्य घ्यावे.

नात्याबाहेर पण जातीतच लग्न केले, तर काही फरक पडतो का?

नात्यातल्या लग्नाइतका नाही, परंतु शतकानुशतके एकाच छोट्या समूहात लग्ने होत राहिली की त्या समूहाच्या मोजक्या मूळपुरुषांकडे असलेला एखादा दुर्मीळ बिघाड पुढे बऱ्याच घरांत पसरतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी असलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६० हून अधिक समूह तपासले गेले, आणि त्यांतल्या ८१ समूहांत हा परिणाम, ज्यांचे उदाहरण यासाठी नेहमी दिले जाते त्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही, तीव्र आढळला. एससीए १२ हा तोल आणि हातांची स्थिरता हिरावून घेणारा मेंदूविकार उत्तर भारतातील अग्रवाल समाजात विशेष दिसतो.

मुंबईचे उदाहरण अधिक जुने आहे. इथल्या पारशी वसाहतींतल्या सुमारे १४ हजार लोकांच्या घरोघरच्या पाहणीचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात कंपवाताचे प्रमाण दर लाखात सुमारे ३२८ आढळले, जे त्या काळी जगात नोंदलेल्या मोठ्या प्रमाणांपैकी एक होते. मात्र पारशी समाजात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे आणि कंपवात हा उतारवयाचा आजार आहे, त्यामुळे या आकड्यावरून थेट जनुकांवर उडी मारता येत नाही. कोणत्याही समाजाचे नाव आजाराशी जोडताना ही काळजी घेतली नाही तर आपण माहितीच्या नावाखाली बदनामी पसरवतो.

ऑनलाइन मागवलेल्या चाचणीत माझा ‘नैराश्याचा जनुकीय धोका जास्त’ आला आहे. आता काय करू?

घाबरू नका आणि त्यावरून कोणतेही औषध सुरू किंवा बंद करू नका. शेकडो-हजारो सूक्ष्म फरकांची बेरीज करून असा गुणांक काढतात. सर्वाधिक अभ्यास झालेल्या स्किझोफ्रेनियातही, २०२२ च्या माहितीवर आधारलेला गुणांक आजाराच्या धोक्यातील फरकांपैकी सरासरी सातेक टक्केच स्पष्ट करतो. शिवाय २०१९ पर्यंतच्या अशा अभ्यासांत भाग घेतलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक युरोपीय वंशाचे होते. त्यांच्यावरून बेतलेली मोजपट्टी आपल्याला लावली की ती चुकते. भारताची स्वतःची मोजपट्टी तयार व्हावी म्हणून जीनोम इंडिया प्रकल्पात १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, वाचले गेले आणि ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. पण मनोविकारांसाठी भारतीय शुभार्थींचे लाखोंच्या संख्येने नमुने लागतील, आणि माझ्या दृष्टीने आपल्या पिढीच्या संशोधकांवरचे सर्वांत मोठे काम तेच आहे.

मुलाच्या लग्नाच्या वेळी आजाराची गोष्ट सांगावी का?

मुलाला स्वतःला आजार असेल तर सांगावी, हे माझे ठाम मत आहे. न सांगता झालेल्या लग्नात औषधाची गोळी बाथरूममध्ये लपवून घ्यावी लागते, मग ती चुकते, मग आजार उलटतो, आणि ज्या मुलीने कदाचित समजून घेतले असते तिचा विश्वास कायमचा जातो. आधी सांगून जमलेली आणि चांगली चाललेली लग्ने मी पाहिली आहेत. अशी स्थळे थोडी मिळतात, वेळ लागतो, आणि आई-वडिलांना अनेक नकार पचवावे लागतात, हे मला ठाऊक आहे.

काका-आत्यांच्या आजाराचा मामला निराळा आहे. लांबच्या नातेवाइकामुळे वाढणारा धोका इतका थोडा असतो की त्यावरून एखाद्या निरोगी मुलीचे स्थळ नाकारणे शास्त्राला धरून नाही. जाता जाता एक गोष्ट : हिंदू विवाह कायद्याच्या अटींमध्ये पूर्वी अपस्माराचा उल्लेख होता, १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकण्यात आला. फिट येणाऱ्या मुलीच्या आई-वडिलांना हे अजूनही कोणी सांगितलेले नसते.

माझ्या वागण्यामुळे माझ्या मुलाला हे झाले का?

नाही. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य मानसोपचारात असे मानले जाई की थंड किंवा विचित्र वागणाऱ्या आईमुळे मुलाला स्किझोफ्रेनिया किंवा स्वमग्नता होते. या कल्पनेने हजारो आयांना विनाकारण अपराधी ठरवले. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांपासून जन्मल्यावर लगेच दूर वाढलेली ४७ मुले पाहिली गेली आणि त्यांतल्या पाच जणांना आजार झालेला आढळला. निरोगी मातांच्या तशाच ५० मुलांपैकी कोणालाही झाला नव्हता. म्हणजे आईच्या वागण्याचा संबंधच येणार नाही अशा घरांतही तो उतरला. आणि जनुके दिली म्हणूनही तुम्ही दोषी नाही. ती तुम्ही निवडली नव्हती, त्याच जनुकांबरोबर त्याचा आवाज आणि त्याचे हसूही आले आहे.

आजार जनुकीय असेल तर गोळ्यांचा काय उपयोग?

विल्सन आजार संपूर्ण जनुकीय आहे आणि गोळ्यांनीच आटोक्यात राहतो. कारण जनुकीय असणे आणि उपाय नसणे या निराळ्या गोष्टी आहेत.

जनुके तपासून योग्य औषध निवडता येते का?

काही ठिकाणी येते, आणि तेथे ते जीव वाचवणारे ठरते. कार्बामाझेपीन हे अपस्मारावरचे जुने आणि चांगले औषध आहे, पण एचएलए-बी*१५:०२ हा जनुकीय प्रकार असलेल्या व्यक्तींमध्ये त्यामुळे त्वचा सोलवटून निघणारी गंभीर प्रतिक्रिया होऊ शकते. हा प्रकार आशियाई लोकांत अधिक आढळतो आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ पासून त्यांच्यासाठी आधी चाचणीची शिफारस केली आहे. एससीएन१ए जनुकातील बिघाडामुळे होणाऱ्या ड्रॅव्हे सिंड्रोम या बालवयातील अपस्मारात हेच औषध फिट वाढवते. नैराश्याचे किंवा सायकोसिसचे नेमके औषध चाचणीवरून ठरवण्याइतके ज्ञान मात्र अजून हाती आलेले नाही. जाहिराती काहीही सांगोत.

गर्भातच तपासणी करता येते का?

घरात बिघडलेले एकच जनुक नेमके ठाऊक असेल तर येते, आणि ती गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या चौकटीत, नोंदणीकृत केंद्रातच करता येते. स्किझोफ्रेनिया, नैराश्य किंवा द्विध्रुवीय विकार यांसाठी अशी तपासणी नाही. कोणी पैसे घेऊन ती करून देतो म्हणत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

माझी माहिती विमा कंपनीला किंवा कचेरीत कळेल का?

संशोधनासाठी दिलेल्या नमुन्यावर नाव नसते, संकेतांक असतो, आणि नाव व संकेतांक यांची जोडणी वेगळी, कुलूपबंद ठेवली जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती लेखी, समजून दिलेली आणि कधीही मागे घेता येईल अशी असावी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनोविकारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देण्याचे बंधन घातले आहे, आणि जनुकीय विकार सरसकट वगळणारी विम्याची अट दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये भेदभाव करणारी ठरवली. तरीही जनुकीय भेदभावाविरुद्ध स्वतंत्र आणि सर्वंकष कायदा आपल्याकडे नाही, आणि तो व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

आम्ही नमुना दिला तर आम्हाला काय मिळेल, आणि येताना काय आणावे?

बहुतेकांना वैयक्तिक अहवाल मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. शेकडो घरांचे नमुने एकत्र पाहिल्यावरच काही निष्कर्ष निघतो आणि त्याला वर्षे लागतात. विल्सन आजारासारखे उपचार असलेले काही आढळले, तर ते तुम्हाला आणि तुमच्या डॉक्टरांना कळवायचे की नाही याविषयी संमतीपत्रात वेगळा रकाना असतो. तो वाचून, विचार करून भरा. शुभार्थीला समजण्याइतके बरे वाटत असेल तर संमती त्याचीच घेतली जाते, त्याच्या वतीने दुसऱ्याने सही करून चालत नाही.

येताना जुने केसपेपर, औषधांच्या चिठ्ठ्या आणि असतील तर एमआरआयच्या फिल्म आणा. जमल्यास घरातल्या सर्वांत वयस्क बाईंना सोबत आणा. आजी, मोठी आत्या, चुलत सासूबाई, कोणीही चालतील. कोण कधी आजारी पडले, कोणाला गावी ठेवले होते, कोणाचे नाव घरात घेत नाहीत, हे त्यांना माहीत असते. त्यांना लोकलच्या गर्दीत येणे झेपणार नसेल तर तसे कळवा, आम्ही घरी येऊ.